रोबोटच्या आधीचे प्रश्न

पारनेरहून सुप्याला आलं की नगर-पुणे महामार्ग लागतो. त्या रस्त्याने पुण्याकडे निघालं की दवाखान्यांच्या दोन तऱ्हेच्या पाट्या दिसतात. गावांच्या आसपास ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’. शहर जवळ येऊ लागलं की ‘रोबोटिक सर्जरी’, आणि पांढऱ्या यंत्राच्या चार हातांशेजारी हाताची घडी घालून उभे असलेले डॉक्टर. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे आपल्याकडचे कितीतरी रुग्ण पहिल्या पाटीखाली महिनेच्या महिने घालवून मग दुसरीपाशी पोचतात. त्यामुळे रोबोटिक शस्त्रक्रियेचा आढावा घ्यायचा, तर नुसत्या यंत्राबद्दल बोलून भागत नाही.

तरी सुरुवात यंत्रापासूनच करू, कारण ते पारनेरकरांना वाटतं तितकं लांब नाही. केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकल या कंपनीने बनवलेला ‘व्हर्सियस’ नावाचा रोबोट माणसावर पहिल्यांदा वापरला गेला तो इंग्लंडात नव्हे, पुण्यात. २०१९ साली दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात त्याची पहिली चाचणी झाली. त्याच वर्षी रोजच्या कामासाठी तो वापरणारं जगातलं पहिलं रुग्णालयही पुण्याचंच ठरलं, डॉ. शैलेश पुणतांबेकरांचं गॅलेक्सी केअर. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अमेरिकी ‘दा विंची’ यंत्रावर आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बरीच वर्षं होत आहेत. ज्या तालुक्यातलं घरटी एखादं माणूस मुंबईला असतं, तिथून परळ गाठणं ही काही अनोळखी वाट नाही.

बाह्यरुग्ण विभागात नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, “डॉक्टरसाहेब, म्हणजे मशीन आपलं आपण ऑपरेशन करतं का?” प्रश्न अजिबात भाबडा नाही, जाहिराती पाहून कुणालाही तसंच वाटेल. तर, नाही. पोटाला आठेक मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडून त्यांतून कॅमेरा आणि बारीक अवजारं आत जातात, ती यंत्राच्या हातांना जोडलेली असतात, आणि काही फुटांवर कन्सोलपाशी बसलेला सर्जन बोटांनी व पायांनी ते हात चालवतो. सर्जनने हात थांबवला की यंत्र थांबतं. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लांब, सरळ, न वाकणाऱ्या अवजारांनी काम करावं लागतं. रोबोटच्या अवजाराला टोकाशी मनगट असतं, ते हव्या त्या कोनात वळतं. हाताची थरथर गाळली जाते, चित्र खोलीसकट आणि कित्येक पट मोठं दिसतं, आणि कॅमेरा धरून दमलेल्या मदतनीसाबरोबर ते हलत नाही. उणीव ही की बहुतेक यंत्रांवर सर्जनला स्पर्श कळत नाही. ऊती किती ताणली गेली, ते डोळ्यांनीच ओळखायचं. २०२४ च्या नव्या दा विंचीत ही जाणीव थोडी परत आणली आहे, पण ती यंत्रं अजून मोजकी आहेत.

आता मूळ प्रश्न : याने रुग्णाचं भलं होतं का? मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सर्जन नुसती गाठ काढत नाही. गाठीच्या दोन्ही बाजूंचं पुरेसं आतडं, त्याला रक्त पुरवणारा पडदा, त्या पडद्यातल्या रसग्रंथी हे सगळं एकसंध काढायचं, रक्तवाहिनी मुळाशी बांधायची आणि उरलेली दोन टोकं जोडायची. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या होहेनबर्गर यांनी २००९ मध्ये याची शिस्त नीट मांडली. काढलेल्या तुकड्यात पॅथॉलॉजिस्टला किमान १२ रसग्रंथी तपासायला मिळाल्या पाहिजेत, असा सर्वमान्य दंडक आहे. पोट उघडून करा, दुर्बिणीने करा, रोबोटने करा, आतलं काम हेच. रुग्णाच्या आयुष्याचा हिशेब या आतल्या कामावर ठरतो. बाहेरून त्वचेवर किती टाके पडले, त्याने रुग्णालयातले दिवस, दुखणं आणि पुढे हर्नियाची शक्यता ठरते. त्याही गोष्टी लहान नाहीत. शेतात परत कधी जाता येईल, हा प्रश्न पारनेरमध्ये कुणी हौसेने विचारत नाही.

दुर्बिणीची पद्धत आली तेव्हा तिच्याकडे संशयानेच पाहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. मायामीच्या मोझेस जेकब्ज यांनी १९९१ मध्ये दुर्बिणीने मोठं आतडं काढल्याचे पहिले अनुभव छापले. लवकरच अशा बातम्या आल्या की ज्या छिद्रातून गाठ बाहेर काढली, तिथेच कर्करोग पुन्हा उगवला. अनेक सर्जन मागे हटले. शेवटी अमेरिकेत ८७२ रुग्णांची चाचणी झाली आणि २००४ मध्ये निकाल आला : कर्करोग परत येण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखंच, दुर्बिणीवाले थोडे लवकर घरी जातात, वेदनाशामकं कमी लागतात. म्हणजे जवळजवळ तेरा वर्षं आणि एक भरभक्कम चाचणी, एवढं झाल्यावर ही पद्धत कर्करोगासाठी मान्य झाली.

रोबोटने मोठं आतडं काढण्याचे पहिले प्रयोग २००१ च्या आसपासचे. त्याला आता दोन तपं झाली, पण मोठ्या आतड्यापुरती त्या तोडीची परीक्षा रोबोटच्या वाट्याला आलेली नाही. आहे ती लहान आहे. दक्षिण कोरियात ७० रुग्णांवर उजव्या बाजूचं आतडं काढताना चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना रोबोट, निम्म्यांना दुर्बीण अशी विभागणी केली. २०१२ मध्ये निकाल छापून आला. रोबोटला सरासरी १९५ मिनिटं लागली, दुर्बिणीला १३०. गुंतागुंत सारखी, रुग्णालयातले दिवस सारखे, खर्च रोबोटचा जास्त. त्याच रुग्णांचा पुढे पाच वर्षं पाठपुरावा केला, तेव्हाही जगण्यात फरक दिसला नाही. मोठमोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेले अभ्यास रोबोटच्या बाजूने थोडे झुकतात : अर्ध्यातून पोट उघडायची वेळ कमी येते, रुग्ण एखाद दिवस आधी घरी जातो. पण रोबोट कुणाला मिळतो? बहुधा ज्याची प्रकृती बरी, खिसा बरा आणि सर्जन अनुभवी, त्याला. मग श्रेय कशाला द्यायचं, हे त्या नोंदींतून ठरत नाही.

तेव्हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरतं माझं मत साफ आहे. चांगला दुर्बीण-सर्जन हाताशी असेल, तर रोबोट नाही म्हणून जमीन गहाण टाकण्याचं काही कारण नाही.

गुदाशयाची गोष्ट वेगळी आहे. आणि लोकांच्या बोलण्यात, जाहिरातींतही, ‘आतड्याचा कॅन्सर’ या एका नावाखाली दोन्ही एकत्र होतात, तिथेच घोटाळा होतो. गुदाशय ओटीपोटाच्या हाडांमध्ये खोल बसलेला असतो. पुरुषाच्या ओटीपोटाची पोकळी अरुंद असेल आणि गाठ खाली असेल, तर तिथे काम करणं म्हणजे जुन्या अरुंद आडात उतरून गाळ काढण्यासारखं : जागा नाही, उजेड नाही, आणि भिंतीला धक्का लागला तर नुकसान भरून न येणारं. त्या भिंतीलगत लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा असतात. बिल हील्ड या इंग्रज सर्जनने १९८२ मध्ये दाखवून दिलं की गुदाशय त्याच्या भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट, ते आवरण न फाडता काढला तर कर्करोग तिथेच परत येण्याचं प्रमाण खूप घटतं. वळणाऱ्या मनगटाची खरी गरज असते ती इथे.

इथेही पुरावा सरळ रेषेत आला नाही. १० देशांतल्या ४७१ रुग्णांची ‘रोलार’ नावाची चाचणी २०१७ मध्ये छापली गेली. अर्ध्यातून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. रोबोटचे टीकाकार खूश झाले. मग चीनमधल्या ११ रुग्णालयांत, मधल्या आणि खालच्या गुदाशयाच्या हजारावर रुग्णांची चाचणी झाली. २०२५ मध्ये तिचे तीन वर्षांचे निकाल आले : त्याच भागात कर्करोग परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीत ४ टक्के, रोबोटमध्ये १.६. एकूण जगण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक नव्हता. आणि तिथले सर्जन दोन्ही पद्धतींत मुरलेले होते, हे विसरून चालणार नाही. महिन्याला एखादी केस करणाऱ्याच्या हातात तेच यंत्र दिलं, तर तेच आकडे येतील असं समजायला आधार नाही.

मोठं आतडं आणि गुदाशय यांतला हा फरक आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडचा रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकातल्यासारखा नसतो. टाटा मेमोरियलने आपल्या ८०० रुग्णांचा लेखाजोखा २०१७ मध्ये मांडला. सरासरी वय ४७. पश्चिमेत हा साठी-सत्तरीचा आजार मानतात. सुमारे ४२ टक्के रुग्णांत गाठ गुदाशयात होती. म्हणजे चाळिशी-पंचेचाळिशीतला, घर चालवणारा माणूस, आणि गाठ त्या अवघड जागी. भारतात या दोन्ही कर्करोगांचे मिळून वर्षाला ६५ ते ७० हजार नवे रुग्ण सापडतात. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी आहे. ग्रामीण भागात त्याहून कमी. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, तिच्या वह्यांतही गर्भाशयमुख आणि तोंडाचे कर्करोग पुढे, हा मागे. आजार कमी, म्हणून गावातल्या डॉक्टरच्या मनात तो चटकन येत नाही. त्याला दोष तरी किती द्यायचा?

पुन्हा यंत्राकडे वळू. लहान छेदाची शस्त्रक्रिया म्हणजे नेहमीच बरी, हा समजही २०१८ मध्ये चांगलाच हादरला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बीण किंवा रोबोट वापरलेल्या स्त्रियांमध्ये, पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा, आजार परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला : कर्करोगाच्या उपचारात रोबोटची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, रुग्णांनी आणि डॉक्टरांनी त्यावर मोकळेपणाने बोलावं. मोठ्या आतड्यात तसं नुकसान कुठे दिसलेलं नाही. पण एका अवयवावरचं यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही, एवढं त्यातून कळलं.

पैशाकडे येऊ. दा विंचीची किंमत वीस लाख डॉलरच्या घरात जाते, वर दरवर्षीची देखभाल वेगळी. त्याची अवजारं ठरावीक वेळाच वापरता येतात. आतली चिप मोजत असते आणि आकडा भरला की यंत्र ते अवजार स्वीकारत नाही, मग ते कितीही शाबूत असो. हा सगळा खर्च शेवटी रुग्णाच्या बिलात उतरतो. डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या गुरुग्राममधल्या कंपनीचा ‘एसएसआय मंत्रा’ हा भारतीय रोबोट २०२२ पासून बाजारात आहे आणि बराच स्वस्त आहे. स्पर्धा वाढली तर दर उतरतील, हे खरं. खासगी आरोग्य विमा असेल तर विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार कंपनीला रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही, पण तिच्यावर वेगळी मर्यादा घालता येते. पॉलिसीच्या कागदात ती बारीक अक्षरात असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तिथे पैसे शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या पॅकेजप्रमाणे मिळतात. म्हणून ‘योजनेत बसवतो, फक्त रोबोटचे वेगळे भरा’ असं कुणी म्हणालं, तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठून विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव ठेवण्याचं बंधन आहे, हेही कितीजणांना माहीत असतं?

यंत्राची चर्चा करताना ज्या काळात काहीच घडत नाही, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शौचाला रक्त पडलं की घरात निदान ठरलेलंच असतं : मूळव्याध. बाई असेल तर ती सांगतच नाही. पुरुष असेल तर तिखट बंद, मग ताक, मग कुणीतरी सांगितलेला काढा, मग पाटीवरचा इलाज. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, म्हणूनच फसगत होते. मूळव्याध आणि गुदाशयाची गाठ एकाच माणसात एका वेळी असू शकतात. गुदमार्गात बोट घालून केलेली तपासणी, जिला ना यंत्र लागतं ना वीज, खालच्या गुदाशयाच्या गाठी पकडू शकते. तीही संकोचापायी राहून जाते. रुग्णाचा संकोच आणि, खरं सांगायचं तर, डॉक्टरचाही. उजव्या बाजूची गाठ आणखी लबाड. तिथे रक्त दिसत नाही, ते मळात मिसळून जातं. माणूस दमतो, फिकट होतो, हिमोग्लोबिन सात-आठवर येतं, आणि लोहाच्या गोळ्या चालू राहतात. पन्नाशीच्या पुरुषाच्या अंगातलं रक्त कारणाशिवाय कमी होत नाही. त्याला कोलोनोस्कोपी हवी, आणि ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर सहसा होत नाही. नगर, लोणी किंवा पुणे गाठावं लागतं. सरकारी असंसर्गजन्य आजारांच्या मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, आतड्याची नाही. प्रमाण पाहता सरसकट तपासणी नको, हे मलाही पटतं. पण लक्षण असलेल्याची तपासणी ही वेगळी गोष्ट आहे.

या उशिराची किंमत मोजता येते. अमेरिकेच्या नोंदींप्रमाणे गाठ आतड्यापुरती असताना सापडली, तर दहापैकी नऊजण पाच वर्षांनंतर जिवंत असतात. यकृत-फुप्फुसात पसरल्यावर सापडली, तर शंभरातले जेमतेम पंधराजण. कोणत्याही दोन शस्त्रक्रिया पद्धतींमध्ये एवढं अंतर कधी निघालेलं नाही. आणि फार उशीर झाला की निवडच उरत नाही. आतडं बंद पडून, पोट फुगून, उलट्या करत रात्री नगरला पोचलेल्या माणसाला दुर्बीण की रोबोट असं विचारणारं कुणी नसतं. पोट उघडतात, बहुधा शौचाची वाट पोटावर काढून पिशवी लावतात, जीव वाचवतात. त्या पिशवीची भीती इतकी की केवळ तिच्यापायी शस्त्रक्रिया नाकारणारी माणसं आहेत. पुष्कळदा ती काही महिन्यांपुरती असते, हे कुणीतरी बसून समजावून सांगायला हवं.

शस्त्रक्रियेनंतरचं तर त्याहून दुर्लक्षित. रसग्रंथींत कर्करोग सापडला तर केमोथेरपी लागते. ती अर्धवट सोडण्यामागे आमच्याकडे औषधाचा त्रास असतो, तसा प्रवासाचाही. २०१८ मध्ये सहा चाचण्या एकत्र करून निघालेला निष्कर्ष इथे फार कामाचा आहे : कमी धोक्याच्या तिसऱ्या टप्प्यात ऑक्सॅलिप्लॅटिनचं इंजेक्शन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या ही जोडी तीन महिने दिली, तर सहा महिन्यांइतकाच उपयोग जवळजवळ होतो. इंजेक्शन तीन आठवड्यांतून एकदा, गोळ्या घरी. आठ फेऱ्यांच्या जागी चार. हातापायांना मुंग्या येण्याचा त्रासही कमी. मुंबईत उपचार चालू असतील आणि नातेवाइकांच्या खोलीत जागा नसेल, तर दादरची संत गाडगे महाराजांची धर्मशाळा पिढ्यान्‌पिढ्या कर्करुग्णांना निवारा देते आहे. उपचार पुरे होण्यात असल्या जागांचा वाटा मोठा आहे, पण त्यांची जाहिरात कुणी लावत नाही.

२०२५ मध्ये आणखी एक निकाल आला, त्याने मला रोबोटपेक्षा जास्त चकित केलं. केमोथेरपी संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना नियमित व्यायामाचा तीन वर्षांचा कार्यक्रम दिला, उरलेल्यांना फक्त माहितीपत्रक. पाच वर्षांनी आजार परत न आलेले : व्यायामवाल्यांत ८०.३ टक्के, माहितीपत्रकवाल्यांत ७३.९. मुख्य व्यायाम कोणता, तर भरभर चालणं. एखाद्या नव्या औषधाने हा आकडा गाठला असता तर त्याची किंमत लाखांत गेली असती. उलट आपल्याकडे शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरचे वर्षभर खाटेवरून उतरू देत नाहीत, आणि ते प्रेमाने.

औषधांची बाजू तर सर्जनच्या पायाखालची जमीन सरकवायला निघाली आहे. मोठ्या आतड्याच्या दहा-पंधरा टक्के गाठींत जनुकांची दुरुस्ती करणारी यंत्रणा बिघडलेली असते. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांना शस्त्रक्रियेआधी प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं दिली, तर काढलेल्या तुकड्यात दोन-तृतीयांश जणांत कर्करोगाची एक पेशीही उरली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये तशाच गुदाशयाच्या रुग्णांना शस्त्रक्रियाच लागली नाही. ही औषधं आज आपल्या आवाक्याबाहेर आहेत. पण गाठ त्या जातीची आहे का, हे बायोप्सीवरच्या साध्या चाचणीने कळतं, आणि ती सांगून करून घेता येते.

आता तालुक्यात, जिल्ह्यात बोललं जातं ते दूरवरच्या शस्त्रक्रियेबद्दल : सर्जन मुंबईत, रोबोट नगरला. हे हवेतलं नाही. २००१ मध्ये झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या रुग्णाचं पित्ताशय काढलं. मंत्रा यंत्रावर जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममधून २८६ किलोमीटरवरच्या जयपूरच्या रुग्णांवर हृदयशस्त्रक्रिया झाल्या. पण आपल्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचं उदाहरण जुनं आहे, आणि त्याची आठवण कमीच काढली जाते. कॅनडातल्या हॅमिल्टनमधून मेहरान अनवरी यांनी २००३ पासून ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बे या लहान शहरातल्या रुग्णांवर अशा २१ शस्त्रक्रिया केल्या, त्यांत मोठं आतडं काढण्याच्याही होत्या. त्या प्रत्येक वेळी नॉर्थ बेचा स्वतःचा सर्जन रुग्णाच्या खाटेशी हात धुऊन उभा होता.

तो का लागतो, ते आतड्याच्या जोडाकडे पाहिलं की कळतं. जोड गळला तर तो टेबलावर गळत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप येतो, नाडी वाढते, पोट कडक होतं. तोवर दूरचा सर्जन दुसऱ्या रुग्णावर असतो. तेव्हा रात्री दोन वाजता सीटी स्कॅन करणारं कुणी, भूल देणारं कुणी, रक्तपेढीचं उघडं दार, अतिदक्षता विभागात मोकळी खाट आणि पोट पुन्हा उघडू शकणारा सर्जन, हे सगळं त्याच गावात असावं लागतं. नगर जिल्ह्यात कुणी रोबोट आणायचं म्हणत असेल, तर या पाच गोष्टींचा पगारी बंदोबस्त आधी झाला आहे का, हे विचारावं. आणि झाला असेल, तर ते रुग्णालय आज, रोबोट येण्याआधीही, दुर्बिणीने या शस्त्रक्रिया करू शकतं.